पाऊस, घाम आणि डांबर : दुचाकीस्वाराची पँट कशी निवडावी?

मुंबई-अहमदाबाद महामार्गावर दहिसरच्या पुढे काशीमीरा नाका लागतो. मीरा रोड-भाईंदरकडून येणारा रस्ता इथे महामार्गाला मिळतो आणि थोडे उत्तरेला, घोडबंदर गावापाशी, ठाण्याकडे जाणारा रस्ता फुटतो. जुलै महिन्यात सकाळी आठच्या सुमारास इथे उभे राहिले, तर दुचाकींची रांग संपता संपत नाही. त्यांत कारखान्यात जाणारे कामगार असतात, घरोघर सामान पोचवणारी मुले असतात, महाविद्यालयीन विद्यार्थी असतात आणि आपल्यासारखे शिक्षकही असतात. बहुतेकांच्या डोक्यावर हेल्मेट दिसते. कंबरेच्या खाली मात्र कुणाची सुती पँट, कुणाची जीन्स, कुणाची सलवार आणि त्यावर रेनकोटची पातळ विजार असते.

हेल्मेटसाठी मोटार वाहन कायद्यात १९८८ पासून कलम १२९ आहे. पायांविषयी कायदा काही सांगत नाही, आणि आपणही फारसा विचार करत नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांपैकी ७४,८९७, म्हणजे सुमारे ४४.५ टक्के, दुचाकीवरील होती. अपघातातून जे वाचतात, त्यांपैकी अनेकांच्या वाट्याला सोललेले गुडघे, त्वचारोपण आणि कित्येक आठवड्यांचा बुडालेला रोजगार येतो. या दुखापतींपैकी काही चांगल्या पँटने टाळता येतात.

अशी पँट बाजारात 'रायडिंग पँट' या नावाने मिळते. 'सर्व ऋतूंसाठी', 'पूर्ण संरक्षण', 'जलरोधक तरीही हवा खेळती' अशी तिची जाहिरात असते. किंमत पाहिली की महिन्याचे अंदाजपत्रक कोलमडते. मग थोड्या पैशांत काय घ्यावे? याचे उत्तर दुकानदाराला विचारण्याआधी भौतिकशास्त्राला विचारू या.

एकाच पँटला चार कामे

अशा पँटकडून आपली चार कामांची अपेक्षा असते. पहिले, रस्त्यावर घसरत जाताना ती झिजून फाटू नये. दुसरे, गुडघा आणि नितंबाचे हाड रस्त्यावर आपटले, तर तिने धक्का शोषून घ्यावा. तिसरे, पावसाचे पाणी आत येऊ नये. चौथे, घाम बाहेर जावा. यांपैकी प्रत्येक काम कापडाकडून वेगळा गुण मागते आणि हे गुण परस्परांच्या विरोधात जातात. झीज सोसायची तर कापड जाड आणि घट्ट विणीचे हवे. घाम जायचा तर पातळ आणि सच्छिद्र हवे. पाणी अडवायचे तर छिद्रे बुजवायला हवीत. वाफ जाऊ द्यायची तर छिद्रे ठेवायला हवीत. हा विरोध समजला की निवड बरीच सोपी होते. एकेक काम क्रमाने पाहू.

घसरण्याचे गणित

ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारा स्वार पडला आणि रस्त्यावरून घसरत गेला, असे समजू. कापड आणि डांबर यांच्यातील घर्षणांक सुमारे ०.६ धरू. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर. घसरण्याचे अंतर काढायला वेगाच्या वर्गाला दोन, घर्षणांक आणि गुरुत्वत्वरण यांच्या गुणाकाराने भागायचे. उत्तर येते सुमारे २४ मीटर आणि त्याला लागणारा वेळ सुमारे २.८ सेकंद. हाच हिशेब ताशी ४० किलोमीटरसाठी केला, तर अंतर साडेदहा मीटर आणि वेळ १.९ सेकंद येतो. ताशी ८० ला अंतर ४२ मीटर आणि वेळ ३.८ सेकंद. वेग दुप्पट झाला की वेळ दुप्पट होतो, पण अंतर चौपट होते. गतीच्या समीकरणांना दहावीच्या वर्गात याहून जवळचे उदाहरण क्वचितच सापडेल.

आता उष्णतेचा हिशेब करू. स्वाराचे वजन ६० किलो धरले, तर घर्षणबल सुमारे ३५० न्यूटन होते. घसरण्याच्या सुरुवातीला हे बल सेकंदाला सुमारे ५,९०० ज्यूल ऊर्जेचे रूपांतर उष्णतेत आणि झिजेत करते. दोन किलोवॅटचे तीन गीझर एकदम चालू करावेत, जवळजवळ तेवढी ही शक्ती आहे. त्यातली काही उष्णता रस्ता घेतो. उरलेली गुडघा, नडगी आणि नितंबावरील काही चौरस सेंटिमीटर कापडाच्या वाट्याला येते.

म्हणून कापडाविषयीचा प्रश्न असा विचारायचा : हे कापड डांबरावर किती सेकंद टिकेल? साध्या जीन्सचे कापड हाताला दणकट लागते, पण प्रयोगशाळेतील झीज-चाचणीत ते साधारण एका सेकंदाच्या आसपासच फाटते. ताशी ४० किलोमीटरलाही आपल्याला जवळजवळ दोन सेकंद हवे होते, हे लक्षात घ्या.

कापडाची जाडी 'डेनियर'मध्ये सांगतात. ९,००० मीटर धाग्याचे ग्रॅममधील वजन म्हणजे त्या धाग्याचे डेनियर. शाळेच्या दप्तराचे कापड बहुधा ६०० डेनियरच्या पॉलिएस्टरचे असते आणि स्वस्त रायडिंग पँटमध्येही तेच दिसते. मात्र नुसता आकडा मोठा असला म्हणजे झाले असे नाही. नायलॉनचा धागा तुटण्यापूर्वी जास्त ताणला जातो आणि अधिक ऊर्जा पचवतो. त्यामुळे ५०० डेनियरचे उच्च बळाचे नायलॉन ६०० डेनियरच्या साध्या पॉलिएस्टरपेक्षा झिजेला सरस ठरते. लेबलवर डेनियरसोबत धागा कशाचा आहे, हेही वाचावे.

नायलॉन आणि पॉलिएस्टर यांची एक उणीव आहे. साधारण २२० ते २६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान ते वितळतात आणि वितळलेले कापड त्वचेला चिकटू शकते. म्हणून आतून सुती किंवा जाळीचे अस्तर असणे चांगले. अ‍ॅरामिड वर्गातील धागे वितळत नाहीत. सुमारे ५०० अंशांच्या आसपास त्यांचे विघटन होऊ लागते. यांतील केव्हलार हा धागा १९६५ साली ड्यूपाँ कंपनीतील रसायनशास्त्रज्ञ स्टेफनी क्वोलेक यांच्या संशोधनातून आला. गुडघा आणि नितंबापाशी अ‍ॅरामिडचे अस्तर लावलेल्या जीन्स आपल्याकडेही मिळतात. त्या घेताना पँट उलटी करून पाहावी. अस्तर केवळ गुडघ्यावर तळहाताएवढे आहे की नितंबाच्या बाजूपर्यंत पोचते, ते डोळ्यांनी दिसते.

शिवण हा यातला कच्चा दुवा आहे. कापड टिकले आणि शिवण उसवली, तर उपयोग काय? रस्त्याला लागणाऱ्या भागावर दुहेरी किंवा तिहेरी शिलाई हवी आणि त्यांतली निदान एक ओळ आतल्या बाजूला, डांबरापासून लपलेली हवी.

आपटण्याचे गणित

घसरण्याआधी माणूस आपटतो. दुचाकीच्या बैठकीची उंची सुमारे ८० सेंटिमीटर धरली, तर तिथून खाली पडणारी वस्तू सेकंदाला सुमारे चार मीटर, म्हणजे ताशी १४ किलोमीटर वेगाने जमिनीवर आदळते. गाडी ताशी ३० ने जात असो वा ९० ने, हा खालच्या दिशेचा वेग तेवढाच राहतो. आडवी गती आणि उभी गती स्वतंत्र असतात, हे गॅलिलिओने दाखवले होते. सावकाश जाणाऱ्या स्वाराचा गुडघाही फुटतो, त्याचे कारण हे.

धक्क्याचा जोर कमी करण्याचा मार्ग एकच : थांबण्याचे अंतर वाढवणे. पायाचे पाच किलो वस्तुमान सेकंदाला चार मीटर वेगाने खाली येत असेल, तर त्याची गतिज ऊर्जा ४० ज्यूल असते. ते तीन मिलिमीटरमध्ये थांबले, तर सरासरी बल १३,००० न्यूटनपेक्षा जास्त भरते. १५ मिलिमीटरमध्ये थांबले, तर सुमारे २,७०० न्यूटन. हा ढोबळ हिशेब आहे, पण गादी का हवी आणि ती जाड का हवी, हे त्यातून कळते.

या गादीला दुकानात 'आर्मर' म्हणतात. तिच्यासाठी 'ईएन १६२१-१' हे युरोपीय मानक आहे. त्यात सुमारे एक मीटर उंचीवरून पाच किलोचे वजन, म्हणजे ५० ज्यूल ऊर्जा, आर्मरवर आदळवतात आणि पलीकडे किती बल पोचते ते मोजतात. सरासरी बल ३५ किलोन्यूटनपर्यंत असेल, तर पहिली पातळी. २० किलोन्यूटनपर्यंत असेल, तर दुसरी. दुसरी पातळी अधिक संरक्षण देते. ही खूण आर्मरवरच छापलेली किंवा उठवलेली असते : मोटारसायकलस्वाराचे चित्र, मानकाचा क्रमांक, पातळीचा आकडा, आणि गुडघ्यासाठी 'के' व नितंबासाठी 'एच' ही रोमन अक्षरे. 'टी' अक्षरापुढे अधिकचे चिन्ह असेल, तर ते आर्मर ४० अंश तापमानालाही तपासलेले आहे. उष्णतेने काही पदार्थ मऊ पडतात, त्यामुळे आपल्या हवामानात ही खूण मोलाची आहे.

अनेक स्वस्त पँटमध्ये गुडघ्याच्या खिशात साधा स्पंजचा तुकडा घातलेला असतो. तो ओळखायची परीक्षा सोपी आहे. तुकडा अंगठा आणि तर्जनी यांच्यात दाबावा. बोटे जवळजवळ एकमेकांना टेकली, तर ते आर्मर नव्हे, नुसती भरती आहे. असा तुकडा काढून त्या जागी मानकाची खूण असलेले आर्मर घालता येते आणि त्यासाठी नवी पँट घ्यावी लागत नाही.

पाणी अडवणे सोपे, घाम सोडणे अवघड

पाणी अडवण्याची युक्ती जुनी आहे. स्कॉटलंडच्या चार्ल्स मॅकिंटॉश यांनी १८२३ साली दोन कापडांमध्ये रबराचा थर घालून जलरोधक कापड बनवण्याचे पेटंट घेतले. आपला रेनकोट त्याचाच वंशज आहे. पाणी आत येत नाही आणि वाफही बाहेर जात नाही, त्यामुळे माणूस पावसाऐवजी घामाने भिजतो.

अमेरिकेत १९६९ साली बॉब गोर यांनी टेफ्लॉन झटक्याने ताणून अतिसूक्ष्म छिद्रांचा पापुद्रा बनवला. ही छिद्रे पाण्याच्या थेंबापेक्षा हजारो पटींनी लहान, पण बाष्पाच्या रेणूपेक्षा शेकडो पटींनी मोठी असतात. पृष्ठताणामुळे थेंब बाहेर अडतो आणि बाष्प निसटते. महागड्या 'सर्व ऋतूंच्या' पँटमध्ये असाच एखादा पापुद्रा असतो आणि किंमत वाढण्याचे तेही एक कारण असते.

तो इथे, काशीमीऱ्याच्या जुलैमध्ये, किती काम करील? बाष्प छिद्रांतून आपोआप बाहेर पडत नाही. आतल्या आणि बाहेरच्या बाष्पदाबातील फरक त्याला ढकलतो. घामाने ओल्या, सुमारे ३४ अंशांच्या त्वचेजवळ बाष्पदाब सुमारे ५.३ किलोपास्कल असतो. बाहेर १० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असलेल्या युरोपीय दिवशी हवेतील बाष्पदाब जेमतेम १ किलोपास्कल भरतो. फरक ४.३. आपल्याकडे पावसाळ्यात २८ अंश आणि ८८ टक्के आर्द्रता धरली, तर हवेतील बाष्पदाब ३.३ किलोपास्कल असतो. फरक उरतो फक्त २. तोच पापुद्रा इथे निम्म्याहून कमी जोराने बाष्प बाहेर टाकतो. त्यात बाहेरचे कापड पावसाने चिंब झाले, की छिद्रांच्या तोंडावर पाण्याचा थर बसतो आणि उरलेला मार्गही अरुंद होतो.

थंड प्रदेशात उपयोगी पडणारी ही योजना कोकणपट्टीच्या दमट हवेत पैशाच्या मानाने कमी फळ देते. लडाखला किंवा हिमालयात दुचाकीने जाणाऱ्याचा हिशेब वेगळा असेल. रोज घोडबंदर रस्त्याने ठाण्याला जाणाऱ्याने मात्र अशा पापुद्र्यासाठी जादा पैसे मोजण्याआधी विचार करावा.

काही पँटमध्ये जलरोधक अस्तर आतून चेनने जोडता येते. त्यात दोन अडचणी आहेत. पाऊस सुरू झाला की महामार्गाच्या कडेला पँट उतरवून अस्तर जोडणे शक्य नसते. शिवाय बाहेरचे जाड कापड पाणी शोषून जड होते आणि दिवसभर ओलेच राहते.

स्वस्त उपाय : कामांची वाटणी

चारही कामे एका कापडावर लादली, की किंमत वाढते आणि प्रत्येक काम अर्धवट होते. त्यापेक्षा कामे वाटून द्यावीत. झीज आणि धक्का यांसाठी एक पँट घ्यावी, जिच्यात हवा खेळते. पाण्यासाठी वरून घालायची वेगळी विजार घ्यावी, जी रस्त्याच्या कडेला बुटांसह दोन मिनिटांत चढवता येते. पाऊस थांबला की ती काढून टाकायची, की घाम जायला वाट मोकळी. अपघात झालाच, तर वरची स्वस्त विजार फाटेल आणि आतली संरक्षण देईल.

पुढील किमती ढोबळ आहेत आणि गावोगाव बदलतात, पण क्रम उपयोगी पडेल.

पहिली पायरी, दोन ते चार हजार रुपयांची. मानकाची खूण असलेले, पट्ट्यांनी बांधायचे गुडघा-नडगीचे संरक्षक, जाड कापडाची जीन्स आणि चांगली रेनकोटची विजार. यात झिजेपासून संरक्षण मर्यादित मिळते, पण सर्वांत जास्त आपटणारा भाग, म्हणजे गुडघा, झाकला जातो. हे संरक्षक सलवारीवरूनही बांधता येतात आणि त्यावर सैल विजार बसते. ओढणी मात्र आत खोचलेली हवी.

दुसरी पायरी, साधारण पाच ते आठ हजारांची. भारतीय उत्पादकांची जाळीदार रायडिंग पँट, जिच्यात गुडघा आणि नितंब दोन्हीकडे आर्मरची सोय आहे. जाळी झिजेला कच्ची असते, म्हणून ती कुठे आहे ते पाहावे. मांडीच्या वरच्या आणि आतल्या बाजूला चालेल. गुडघा, नितंब आणि बैठकीच्या भागावर घट्ट विणीचे जाड कापडच हवे. वर पुन्हा रेनकोटची विजार. रोज महामार्गावरून जाणाऱ्या बहुतेकांसाठी हीच पायरी योग्य वाटते.

तिसरी पायरी, त्याहून वरची. अशा वस्त्रांसाठी २०२० पासून 'ईएन १७०९२' हे युरोपीय मानक लागू आहे. त्यात सर्वांत वरचा वर्ग 'एएए', मग 'एए', मग 'ए'. 'बी' वर्गात झिजेची कसोटी 'ए'सारखीच असते, पण आर्मर नसते. 'सी' म्हणजे नुसते आर्मर धरून ठेवणारे वस्त्र. 'सीई' एवढीच अक्षरे दाखवणाऱ्या दुकानदाराला विचारावे : हे प्रमाणपत्र पँटचे की आतल्या आर्मरचे? पुष्कळदा ते केवळ आर्मरचे असते.

दुकानात पाहण्याच्या गोष्टी

पँट उभ्याने घालून पाहणे पुरेसे नाही. दुचाकीवर बसून पाहावे. बसल्यावर पँट वर सरकते आणि आर्मर मांडीवर येते, अशी तक्रार नेहमीची आहे. बसलेल्या स्थितीत आर्मर गुडघ्याच्या वाटीवर आणि नडगीच्या वरच्या टोकावर बसले पाहिजे. मग ते हाताने दोन्ही बाजूंना फिरवून पाहावे. सहज सरकत असेल, तर रस्त्यावरही सरकेल.

रेनकोटच्या विजारीत कापडापेक्षा शिवणी महत्त्वाच्या. सुईचे प्रत्येक भोक म्हणजे गळतीची जागा. आतून शिवणींवर पट्टी चिकटवलेली आहे का, विशेषतः आसनापाशी, ते पाहावे. बसल्यावर तिथेच पाणी साठते आणि शरीराच्या भाराने दाबले जाते. ४५ किलोचा भार ९०० चौरस सेंटिमीटरवर पडला, तर सरासरी दाब ५० सेंटिमीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाएवढा होतो, आणि हाडाखाली तो बराच जास्त असतो. लेबलवरचा '५,००० मिलिमीटर' असा आकडा याच स्तंभाची उंची सांगतो. ज्या विजारीच्या आसनात शिवणच नाही, ती सर्वांत चांगली.

विजारीचे पाय घोट्यापाशी आवळता यायला हवेत, म्हणजे ते फुटरेस्ट किंवा चेनमध्ये अडकत नाहीत. सायलेन्सरच्या बाजूला ती टेकणार नाही हे पाहावे. नायलॉन किंवा प्लॅस्टिक तिथे लगेच वितळते. मागच्या बाजूला प्रकाश परतवणारी पट्टी असावी. तिच्यातील काचेचे सूक्ष्म मणी किंवा प्रिझम दिव्याचा प्रकाश आला त्याच दिशेने परत पाठवतात. अंधाऱ्या पावसात मागून येणाऱ्या ट्रकचालकाला आपण दिसणे, हे कोणत्याही आर्मरच्या आधीचे संरक्षण आहे.

याचा उपयोग खरोखर होतो का?

ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा परिसरात लिझ डी रोम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जून २००८ ते जुलै २००९ या काळात अपघात झालेल्या २१२ मोटारसायकलस्वारांचा अभ्यास केला. तो २०११ साली प्रसिद्ध झाला. मोटारसायकलसाठी बनवलेली पँट घातलेल्यांना रुग्णालयात दाखल करावे लागण्याची शक्यता ती न घातलेल्यांच्या जवळजवळ निम्मी आढळली. पँटमध्ये आर्मर असेल, तर पायांना इजा होण्याची शक्यताही घटलेली दिसली.

त्याच अभ्यासातील आणखी दोन निष्कर्ष लक्षात ठेवावेत. अस्थिभंगावर आर्मरचा परिणाम दिसला नाही. मांडीचे हाड मोडणारी ऊर्जा बोटभर जाडीच्या गादीला पेलत नाही. आणि मोटारसायकलसाठी म्हणून विकलेल्या पँटपैकी सुमारे २८ टक्के पँट अपघातात फाटून निकामी झाल्या. 'रायडिंग पँट' हे नाव म्हणजे संरक्षणाची हमी नव्हे, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा हवा कशाला? पुढे २०१८ साली ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये 'मोटोकॅप' हा उपक्रम सुरू झाला. त्यात दुकानातून कपडे विकत आणून त्यांचे संरक्षण आणि उष्ण हवेतील सोय, दोन्ही स्वतंत्रपणे तपासून तारांकित गुण देतात. उकडते म्हणून कपाटात पडून राहिलेली पँट कुणालाच वाचवत नाही, हा विचार त्यामागे आहे आणि आपल्या हवेत तो अधिकच लागू पडतो.

वर्गात करून पाहण्यासाठी

झिजेची तुलना : ६० क्रमांकाचा पॉलिशपेपर फळीवर चिकटवा. लाकडी ठोकळ्याला जुन्या सुती पँटचा, जीन्सचा आणि फाटक्या दप्तराचा तुकडा आळीपाळीने ताणून बांधा. ठोकळ्यावर एक किलोचे वजन ठेवून तो दोरीने ठरावीक अंतर ओढा. भोक पडेपर्यंत किती खेपा लागतात ते मोजा. प्रत्येक कापडासाठी पॉलिशपेपरचा नवा भाग वापरा. यातून सेकंद मिळणार नाहीत, पण कापडांचा क्रम मिळेल.

बाष्पाची तुलना : एकसारखे चार पेले अर्धे पाण्याने भरा. एकाच्या तोंडावर सुती कापड, दुसऱ्यावर रेनकोटचे कापड, तिसऱ्यावर जीन्सचे कापड रबराने बांधा. चौथा उघडा ठेवा. स्वयंपाकघरातील डिजिटल काट्यावर रोज त्याच वेळी वजन करा आणि आठवडाभरातील घट आलेखावर मांडा. हा प्रयोग एकदा जुलैत आणि एकदा डिसेंबरात करा. पेल्यातील पाणी त्वचेएवढे उबदार नसल्यामुळे आकडे शरीराला जसेच्या तसे लागू होणार नाहीत. तरी त्याच कापडातून डिसेंबरात जास्त पाणी का गेले, याचे उत्तर विद्यार्थ्यांनी शोधले, तर बाष्पदाब ही कल्पना त्यांना पुन्हा शिकवावी लागणार नाही.

बारावीच्या वर्गातील पुष्कळ मुलांना वर्षभरात गाडी चालवण्याचा परवाना मिळेल आणि घरात नव्या दुचाकीची चर्चा सुरू होईल. गाडीच्या किमतीत हेल्मेटबरोबर गुडघ्याचे संरक्षक आणि एक धड विजार धरली आहे का, हा प्रश्न त्या चर्चेत कुणीतरी विचारायला हवा. वर दिलेला घसरण्याचा हिशेब त्यांनी स्वतःच्या वजनासाठी आणि स्वतःच्या वेगासाठी वहीत एकदा करून पाहिला, तर तो बहुधा तेच विचारतील. वजन हिशेबातून रद्द होते आणि वेग मात्र वर्गासह उरतो, हेही त्यांच्या तेव्हाच ध्यानात येईल.